फॉस्फेटची खूण आणि जीवाणूचा दिवस

एटीपी या ऊर्जावाहक रेणूकडून फॉस्फेटचा गट घेऊन तो प्रथिनावर बसवण्याच्या क्रियेला प्रथिनांचे फॉस्फोरिलीकरण म्हणतात. हा गट बसवणारी विकरे म्हणजे कायनेज आणि तो काढून टाकणारी विकरे म्हणजे फॉस्फेटेज. १९५५ च्या सुमारास एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी सिएटल येथे स्नायूंमधील ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज या विकराचा अभ्यास करताना असे दाखवून दिले की, फॉस्फेट जोडला गेला की हे विकर कार्यक्षम होते आणि तो निघाला की मंदावते. त्यातून फॉस्फेट म्हणजे चालू-बंद करणारी कळ, ही कल्पना रुजली. मात्र असे नियंत्रण प्रगत पेशींपुरतेच असावे, हा समज पुढे जवळपास दोन दशके टिकला.

१९७० च्या दशकाअखेरीस जीवाणूंच्या प्रथिनांवरही फॉस्फेट आढळला आणि या समजाला तडा गेला. ऱ्होडोबॅक्टर या जांभळ्या प्रकाशसंश्लेषी जीवाणूच्या अभ्यासाने १९९० च्या दशकात त्यापुढचे चित्र स्पष्ट केले. ऑक्सिजन कमी झाला की पेशीपटलातील रेगबी हे कायनेज स्वतःच्याच हिस्टिडीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट घेते आणि तो रेगए या प्रथिनाकडे सोपवते. रेगए डीएनएला जोडले जाऊन प्रकाशसंश्लेषणाची जनुके कार्यान्वित करते. म्हणजे येथे फॉस्फेट केवळ कळ न राहता परिस्थितीची वार्ता जनुकांपर्यंत नेणारा संदेश ठरला.

तरीही काळ मोजण्याचे काम या संदेशाच्या आवाक्याबाहेरचे मानले जात होते. दिवसातून अनेकदा विभागणाऱ्या पेशीला चोवीस तासांच्या घड्याळाचा उपयोग तरी काय, असा आक्षेप घेतला जाई. सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नीलहरित जीवाणू, यांच्यातील दैनिक लय सिद्ध झाली आणि १९९८ मध्ये जपानमधील नागोया विद्यापीठाचे ताकाओ कोंदो व त्यांच्या सहकाऱ्यांनी काय-ए, काय-बी आणि काय-सी या प्रथिनांची जनुके शोधली, तेव्हाही असे मानले गेले की फळमाशीप्रमाणे येथेही जनुक प्रथिन घडवते व प्रथिन जनुकाला रोखते, या चक्रातूनच लय निर्माण होत असावी. २००५ मध्ये मात्र सतत अंधारात, जनुकांचे वाचन थंडावल्यावरही, काय-सीवरील फॉस्फेटची चढउतार चालूच राहते, असे दिसले. त्याच वर्षी ही तीन प्रथिने आणि एटीपी एवढ्यावरच परीक्षानळीत सुमारे चोवीस तासांची लय चालवून दाखवली गेली आणि तापमान थोडेफार बदलले तरी तिचा कालावधी जवळजवळ तेवढाच राहिला.

या लयीचा क्रम ठरलेला आहे. काय-ए च्या साहाय्याने काय-सी वर आधी ४३२ व्या स्थानावरील थ्रिओनीनला आणि नंतर ४३१ व्या स्थानावरील सेरीनला फॉस्फेट लागतो. त्यानंतर काय-बी हे काय-ए ला अडकवून ठेवते आणि फॉस्फेट त्याच क्रमाने, म्हणजे आधी थ्रिओनीनवरून व मग सेरीनवरून, उतरतो. सासए हे हिस्टिडीन कायनेज ही अवस्था ओळखून आरपीएए या नियामक प्रथिनाकडे फॉस्फेट पोहोचवते, म्हणजे काळाची नोंद पुन्हा त्याच जुन्या संदेशमार्गाने जनुकांपर्यंत जाते.

कळ, संदेश आणि घड्याळ या तीन कल्पनांपैकी एकीनेही आधीचीला खोटे ठरवले नाही. खोटी ठरली ती जीवाणू साधा, म्हणून त्याचे नियंत्रणही साधे, ही धारणा. पेशीच्या आकारावरून तिच्या नियंत्रणव्यवस्थेची खोली ठरवता येत नाही, हाच या पाच दशकांच्या संशोधनाचा निष्कर्ष आहे.