मूल जन्मतःच बौद्ध असते काय?

दीक्षा घेतलेल्या आई-बापांच्या पोटी मुलगी जन्माला आली, म्हणजे ती बौद्ध झाली काय? प्रश्न साधा वाटेल. पण नव्याने धम्मात आलेल्या प्रत्येक कुटुंबाने तो स्वतःला विचारला पाहिजे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना दीक्षा दिली, तेव्हा त्या लोकांनी बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने, जाणतेपणी उच्चारल्या. सहा महिन्यांच्या लेकीला प्रतिज्ञा उच्चारता येत नाही, पंचशील समजत नाही. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारी व्यवस्था आपण सोडली, आणि आता आपल्याच लेकीला केवळ जन्मावरून बौद्ध म्हणावयाचे काय?

मग तिचे बौद्धपण असते कोठे? ती जाणती होईपर्यंत ते आई-बापांच्या आचरणात असते. तिच्या पहिल्या वर्षात परीक्षा होते ती आपल्या दीक्षेची.

ही परीक्षा पाचव्या रात्रीच सुरू होते. पाटा-वरवंटा मांडून पाचवी पुजायची, कोठे कोठे कोरा कागद आणि लेखणीही ठेवायची. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, अशी समजूत. घरात बुद्धमूर्ती आहे, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, आणि तरीही म्हातारी माणसे दबक्या आवाजात म्हणतात, 'पुजून टाका, लेकराच्या जिवाशी खेळ नको.' वाचकहो, या एका समजुतीत आपली सारी गुलामगिरी साठलेली आहे. पाचव्या दिवशी सारे लिहून ठरत असेल, तर आपल्या वाडवडिलांच्या कपाळी गावकुसाबाहेरचे जिणेही सटवाईनेच लिहिले म्हणावे लागेल! मग चवदार तळ्याचा सत्याग्रह कशासाठी झाला? तथागतांनी सांगितले ते कार्यकारणाचे तत्त्व: अमुक कारणे असली की अमुक घडते, कारणे बदलली की घडणेही बदलते. लेकीचे कपाळ कोरे आहे.

नावाचेही तसेच. शूद्राचे नाव तिरस्कार दाखविणारे असावे, असे मनुस्मृती सांगते. आपल्या आज्या-पणज्यांनी धोंडू, कचरू, दगडू अशी नावे ठेवली. त्यांतली कित्येक मूल जगावे या भीतीपोटीही होती. आज आपण सुजाता, संघमित्रा, प्रज्ञा अशी नावे ठेवतो. चांगलेच आहे, पण नाव प्रज्ञा आणि गालावर दृष्ट लागू नये म्हणून काजळाची तीट, हे एका घरात कसे नांदावे?

आता त्या लेकीकडे पाहा. दीड-दोन महिन्यांची झाली की ती आईकडे पाहून हसते. तीन-चार महिन्यांत मान धरते, पुढे पालथी पडते, सात-आठ महिन्यांच्या सुमारास बसू लागते, मग बहुतेक मुले रांगतात, वर्षाच्या आगेमागे पाऊल टाकतात, एखादा शब्द बोलतात. एखादे मूल नवव्या महिन्यात उभे राहील, एखादे दीड वर्षाला चालेल. शेजारणीचे चालले आणि आपले चालले नाही म्हणून मागल्या जन्मीचे पाप शोधू नका. माणसाची स्थिती मागल्या जन्मीच्या कर्माने ठरते हा विचार बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे. शंका आली तर डॉक्टरांना दाखवा. नवस बोलण्यात आणि अंगारा लावण्यात महिने गमावू नका. आपल्या या औद्योगिक पट्ट्यात महापालिकेचे दवाखाने आहेत, पिंपरीला यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे.

एक योगायोग ध्यानात घ्या. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी 1954 साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्याच 1954 च्या 25 डिसेंबरला, तेथून जवळच देहूरोडला, बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. दुःखाला कारण असते आणि ते दूर करता येते, ही तथागतांची शिकवण. तापाला कारण असते आणि त्यावर औषध काढता येते, हा विज्ञानाचा अनुभव. दोन्ही आपल्याच परिसरात आहेत. तेव्हा लस वेळेवर टोचून घ्या. पहिले सहा महिने आईचे दूध पुरे आहे, वरचे पाणीसुद्धा नको. आणि वर्षाच्या आत मधाचे बोट चाटवू नका.

पण येथे एक सावधगिरी हवी. म्हातारी दृष्ट काढते, मीठ-मोहऱ्या ओवाळते, ती अज्ञानाने असेल. पण तिने स्वतःची लेकरे मातीत दिलेली असतात. तिची भीती खरी आहे. तिचा अपमान करणे म्हणजे धम्म नव्हे. तिला सोबत घेऊन लसीकरणाला जा. भीतीला आधार लागतो, तो खरा आधार द्या.

आणि धम्म कोणाला मूल जगण्याची हमी देत नाही. बाबासाहेब आणि माता रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. धाकटा राजरत्न 1926 साली गेला. किसा गोतमी मेलेले बाळ उराशी धरून तथागतांकडे आली, तेव्हा त्यांनी तिला मंत्र दिला नाही आणि दोषही दिला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरची मोहरी आणावयास सांगितले. कारणे शोधावयाची ती पुढचे मूल वाचविण्यासाठी, दुखावलेल्या आईला बोल लावण्यासाठी नव्हे.

मुलगी झाली म्हणून तोंड पाडणाऱ्यांनी राजा प्रसेनजिताची गोष्ट आठवावी. मल्लिकेला कन्या झाली हे ऐकून तो खिन्न झाला, तेव्हा शीलवान व शहाणी कन्या पुत्राहूनही श्रेष्ठ ठरू शकते, असे भगवंतांनी त्याला सांगितले.

आता बापाकडे वळू. भोसरी-चाकणला तीन पाळ्यांत राबणारा, त्यातही कंत्राटी कामगार. रात्रपाळी करून सकाळी घरी येतो तेव्हा डोळे मिटत असतात. थकवा खरा आहे. तरीही अर्धा तास लेकीला मांडीवर घ्या, दुपटी धुवा, आईला झोपू द्या. बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका घेऊन बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. 2017 साली ही भरपगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. जे बाबासाहेबांनी सरकारकडे मागितले, ते आपण आपल्या खोलीत आपल्याच बायकोला नाकारावे काय? आणि पगाराच्या दिवशी दारूच्या दुकानात शिरलेला बाप लेकीसमोर पाचवे शील कोणत्या तोंडाने म्हणणार? लेकरू शब्द शिकण्याआधी आवाज शिकते. घरात शिवी आहे की गोड बोलणे, हे तिला सहाव्या महिन्यातच कळते.

म्हणून, बंधू-भगिनींनो, तिला बौद्ध म्हणवून घेण्याची घाई करू नका. तिला बोलता येऊ लागले की ती 'का?' विचारील. तो 'का?' दाबू नका. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तो अधिकार आपल्या लेकीलाही आहे. उद्या जाणती होऊन ती स्वतःच्या तोंडाने त्रिशरण म्हणेल, तेव्हा तिला धम्म परका वाटू नये. हे तर घरी रोज चालतेच, असे तिला वाटावे. तेवढे करणे आपल्या हाती आहे.