हिंसेची नोंद कोणत्या दिवशी?

घरी पाळलेल्या माशाला जिवंत जीव खाऊ घालावेत का? प्रश्न छोटा वाटतो, पण अहिंसेचे व्रत मनापासून पाळू इच्छिणाऱ्याला तो सहज सुटत नाही. एकीकडे व्रत आणि दुसरीकडे भुकेला जीव.

गाझियाबाद समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही तिथल्या एखाद्या फ्लॅटमध्ये छोटा समुद्र उभा करता येतो. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम खास समुद्री मीठ मिसळतात आणि पंपाने पाणी खेळते ठेवतात. माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात.

काही माशांसाठी एवढी तयारीही पुरत नाही. मँडरिन नावाचा बोटभर लांबीचा रंगीत मासा दिवसभर खडकांवरचे कोपेपॉड नावाचे अतिसूक्ष्म जीव टिपत असतो. कोरड्या दाण्यांकडे तो बहुधा पाहतही नाही. म्हणून जाणकार आधी कित्येक महिने टाकीत शेवाळ आणि कोपेपॉड वाढू देतात आणि मगच मासा आणतात. घाई केली तर भक्ष्य संपते आणि मासा हळूहळू उपासमारीने मरतो. इतर माशांसाठी आर्टेमियाची कोरडी अंडी मिळतात. ती खाऱ्या पाण्यात टाकून हवा सोडली की साधारण २४ तासांत पिल्ले बाहेर येतात. ती केवळ खाल्ली जाण्यासाठीच जन्मलेली असतात.

आपण म्हणाल, जीव जिवावरच जगतो, हा निसर्गनियमच आहे. खरे आहे. पण समुद्रात ही व्यवस्था कोणी आपल्या करमणुकीसाठी लावलेली नाही. कोळी बांधव जाळे टाकतात तेही पोटासाठी. इथे मात्र हौस आपली आहे आणि किंमत दुसरे जीव मोजतात.

मग माशालाच शाकाहारी करावे का? व्रत आपण घेतले आहे, त्याने नाही. आपले पुण्य त्याच्या उपवासातून मिळवणे ही तर दुहेरी हिंसा झाली. त्याला हिंडन नदीत सोडून देणे हाही उपाय नव्हे. गोड्या पाण्यात समुद्रातला मासा जगणार नाही.

वाणिज्य शाखेत आम्हाला हिशेबाचा एक नियम शिकवतात. खर्च पैसे हातातून जातात त्या दिवशी नोंदवायचा नसतो. ते देणे ज्या दिवशी आपल्या अंगावर येते, त्या दिवशी तो खात्यात लिहायचा असतो. हिंसेचा हिशेबही असाच असतो, असे मला वाटते. टाकीत पिल्ले सोडताना हात थरथरतो आणि आपण तेवढ्याच क्षणाला हिंसा समजतो. खरी नोंद मात्र तो मासा पसंत करून घरी आणला त्या दिवशीच झालेली असते. पुढचे प्रत्येक भक्ष्य हा त्याच निर्णयाचा हप्ता असतो.

म्हणून ज्यांच्या घरी असा मासा आधीच आहे, त्यांनी अपराधी भावनेने त्याचे अन्न तोडू नये. वेळेवर, पोटभर आणि काळजीपूर्वक खाऊ घालणे हेच आता त्यांचे कर्तव्य आहे. ज्यांनी अजून आणलेला नाही, त्यांच्या हाती मात्र मोठे स्वातंत्र्य आहे. काचेपलीकडचा रंग पाहून मन मोहते तेव्हा क्षणभर थांबून विचारावे: हा काय खातो? ते कुठून येईल? मी दमलो, गावी गेलो, तर याचे कोण पाहील?

हा विवेक केवळ माशांपुरता नाही. कुत्रा असो, पोपट असो किंवा एखादी नवी जबाबदारी असो, करुणा नंतर दाखवण्यापेक्षा आधी वापरलेली बरी. या आठवड्यात काही नवे घरी आणण्यापूर्वी आपण एवढा एक हिशेब मांडून पाहूया.