झाडू आणि भूतदया

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर स्वर्गाच्या उंबरठ्याशी येतो, तेव्हा भाऊ आणि द्रौपदी वाटेतच पडलेली असतात. सोबत उरलेला असतो तो हस्तिनापुरापासून मागोमाग चालत आलेला एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून एकट्याने चढायला सांगतो. त्याची हरकत शुद्धतेची आहे: कुत्रा बाळगणाऱ्याला स्वर्गात जागा नाही, कुत्र्याची नजर पडली की यज्ञाचे आणि दानाचे पुण्य जाते. युधिष्ठिर स्वर्गावर पाणी सोडायला तयार होतो, पण आश्रयाला आलेल्या जीवाला टाकायला तयार होत नाही. ही कथा आपण निष्ठेची म्हणून सांगतो, पण तिच्या गाभ्याशी शुद्धता आणि सोबत यांतला वाद आहे. तोच वाद आज शहरातल्या दोन खोल्यांच्या घरातही उभा राहतो. घरात मांजर आहे, मुलाला शिंकांवर शिंका येतात, डोळे चुरचुरतात, रात्री छातीत घरघर होते, आणि डॉक्टर सांगतात की मांजराची ॲलर्जी आहे. आता मांजराला घालवायचे की मुलाने सोसायचे, एवढे दोनच पर्याय घरच्यांना दिसतात. माझ्या मते या दोहोंच्या आधी तिसरे कर्तव्य येते. ते म्हणजे घर नेटाने, रोज आणि समजून स्वच्छ ठेवणे. ही केवळ आरोग्याची टीप नाही, तो गृहस्थाचा धर्म आहे.

आधी दुखणे नीट समजून घेऊ. त्रास केसांचा आहे, असा सर्वसाधारण समज असतो, पण खरे कारण एक प्रथिन आहे. मांजरांतल्या मुख्य प्रथिनाला शास्त्रज्ञ ‘फेल डी १’ म्हणतात. ते मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तैलग्रंथींत तयार होते. मांजर अंग चाटते, लाळ वाळते, कातडीचा बारीक कोंडा सुटतो आणि त्याबरोबर हे प्रथिन घरभर पसरते. त्याचे काही कण पाच मायक्रॉनहून लहान असल्याने तासन्‌तास हवेत तरंगतात आणि पडदे, सोफा, गाद्या यांत मुरून बसतात. माणसांच्या कपड्यांवरून ते इतके दूर जातात की मांजर नसलेल्या घरांत आणि शाळेच्या वर्गांतही सापडतात. हे प्रथिन मुळात निरुपद्रवी असते, पण काही जणांचे शरीर त्यालाच शत्रू समजून लढायला उठते. वेदान्तातला दोरीला साप समजणारा माणूस इथे आठवतो. फरक असा की दिवा लावला, दोरी दिसली, की त्याची भीती जाते. ॲलर्जीच्या रुग्णाला सगळे समजले तरी त्याची श्वासनलिका ते ऐकत नाही. ज्ञान इथे पुरे पडत नाही, म्हणून कर्माला गत्यंतर नाही.

मांजर घालवले की प्रश्न मिटला, असे ज्यांना वाटते त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मांजर गेल्यानंतरही घरातले हे प्रथिन पुरेसे खाली यायला साधारण चार ते सहा महिने लागतात. गालिचा आणि जुना सोफा तसाच राहिला तर त्याहूनही अधिक. म्हणजे जीव घराबाहेर काढला तरी सफाई चुकत नाही. मग हेच काम आधी, तो जीव घरात असतानाच, मनापासून का करू नये? झोपायच्या खोलीत प्राण्याला येऊ द्यायचे नाही आणि दार लावून ठेवायचे, कारण माणसाचा दिवसाचा तिसरा हिस्सा तिथेच जातो. गादी-उशांना घट्ट विणीच्या खोळी घालायच्या, चादरी-अभ्रे दर आठवड्याला धुवायचे, गालिचा काढून फरशी मोकळी ठेवायची. कोरड्या केरसुणीने झाडले की बसलेली धूळ उठून थेट नाकात जाते. म्हणून आधी ओले फडके फिरवावे, किंवा ‘हेपा’ गाळणीचा व्हॅक्यूम क्लीनर वापरावा. ही गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. सोफ्याची खोळ काढून गादीच्या शिवणीत बोट फिरवले की राखाडी लव हाताला लागते. दुखणे तिथे साठलेले असते आणि रोजची वरवरची झाडलोट तिथवर पोचतच नाही.

यावर पहिला आक्षेप पुराव्याचा आहे आणि तो प्रामाणिक आहे. कुत्र्याच्या ॲलर्जीचेच पाहा: कुत्र्याला आंघोळ घातली की त्याच्या अंगावरचे ॲलर्जी देणारे प्रथिन कमी होते, पण काही दिवसांत पुन्हा वाढते. परिणाम टिकवायचा तर आठवड्यातून दोनदा आंघोळ घालावी लागते. हवा गाळणाऱ्या यंत्राने हवेतले प्रमाण घटते, तरी रुग्णाला दरवेळी आराम वाटतोच असे नाही. ‘ॲलर्जी न देणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या घरांत हे प्रथिन कमी असते, असेही तपासणीत दिसलेले नाही. हे सगळे मान्य. पण यातून निघते ते इतकेच, की एकट्यादुकट्या उपायावर विसंबू नये. खोली बंद ठेवणे, कपडे धुणे, ओले पुसणे, गालिचा काढणे आणि डॉक्टरांची औषधे ही सगळी एकत्र चालली तर भार हलका व्हायला वाव असतो. शिवाय हे काम एकदा करून संपत नाही, हा त्याचा दोष मानू नये. रोज नव्याने करावे लागते म्हणूनच ते नित्यकर्म ठरते.

दुसरा आक्षेप परंपरेच्या नावाने येतो. शुचिर्भूत घरात कुत्र्यामांजराचे काय काम, असे विचारले जाते. पण परंपरा या प्रश्नावर एकमुखी नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत नियमांमध्ये पहिले शौच येते, तर त्याआधीच्या यमांमध्ये पहिली अहिंसा आहे. मनुस्मृती तर आणखी सूक्ष्म गोष्ट सांगते. गृहस्थाच्या घरात चूल, पाटा, झाडू, उखळ आणि पाण्याचा घडा ही पाच हिंसेची ठिकाणे आहेत, कारण ती वापरताना नकळत जीव मरतात. त्याची भरपाई म्हणून पाच महायज्ञ सांगितले आहेत. त्यांतला एक भूतयज्ञ, म्हणजे कुत्रे, कावळे, किडे यांच्यासाठी अन्न काढून ठेवणे. ज्या झाडूने आपण घर शुद्ध करतो तोच झाडू आपल्याला इतर जीवांचे देणेकरी करतो, हे त्या व्यवस्थेला ठाऊक होते. महाराष्ट्रात तर हे दोन्ही धागे एका माणसात गुंफलेले दिसतात. हाती खराटा घेऊन गावे झाडणारे आणि रात्री कीर्तनातून देवापुढच्या पशुबळीविरुद्ध बोलणारे गाडगेबाबा (१८७६–१९५६) सफाई आणि भूतदया यांत भेद मानत नव्हते. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहे, आणि दिवाळीत आपण केरसुणीला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतो. या दोन्ही श्रद्धा एकाच घरात नांदू शकतात.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: माणसाचा श्वास आधी. हे मी निःसंकोच मान्य करतो. दमा तीव्र असेल, सफाई आणि औषधे दोन्ही नीट करूनही मुलाची रात्र धापा टाकत जात असेल, तर त्या जीवासाठी दुसरे घर शोधणे हेच कर्तव्य होते. सोसत राहण्याला भूतदया म्हणता येत नाही. फक्त दुसरे घर शोधणे आणि टाकून देणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओळखीच्या, काळजी घेणाऱ्या माणसाच्या हाती सोपवणे म्हणजे जबाबदारी पार पाडणे. पोत्यात घालून बाजाराजवळ किंवा महामार्गावर सोडून येणे हा मात्र विश्वासघात आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदाही, रास्त कारणाशिवाय प्राण्याला उपासमारीच्या तोंडी सोडून देणे गुन्हा मानतो. आणि याहून आधीचे कर्तव्य पिल्लू घरात येण्यापूर्वीचे आहे. घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारावे आणि कुत्रा-मांजर असलेल्या घरी वारंवार जाऊन काय होते ते पाहावे. पेलवेल तेवढाच आश्रय द्यावा, कारण दिलेला आश्रय मोडणे हे न देण्याहून वाईट.

आता राहिला प्रश्न, हे काम कोणी करायचे. आपल्याकडे धर्म एकाच्या नावावर आणि झाडू दुसऱ्याच्या हाती, अशी वाटणी फार जुनी आहे. मांजर धाकट्याच्या हट्टाने येते, लाड सगळे करतात आणि सोफ्याच्या खोळी आई किंवा कामाला येणाऱ्या मावशी धुतात. त्या मावशींनाही फुप्फुसे आहेत आणि त्यांना कधी शिंका येतात का, हे कोणी विचारत नाही. ज्याला ॲलर्जी आहे त्याने झाडू नये हे तर उघडच आहे. पण ज्याने जीव घरात आणला, त्याने मास्क लावून, ओले फडके हाती घेऊन निम्मे तरी काम उचलले पाहिजे. युधिष्ठिराने कुत्र्याची जबाबदारी कोणा सेवकावर टाकली नव्हती, आणि त्याच्या वागण्याला वजन आले ते यामुळेच. शुद्धता दोन प्रकारे मिळवता येते: नको ते बाहेर ठेवून, किंवा जे आत आहे त्याच्यासकट घर राहण्याजोगे ठेवून. पहिली सोपी असते आणि तिची किंमत बहुधा दुबळ्या जीवाला मोजावी लागते. दुसरीला रोजचे कष्ट लागतात आणि ते आपल्याच अंगाला लागतात. ती वाट खरोखर चालून पाहिल्याशिवाय कोणीही, माझ्या धर्मात या जीवाला जागा नाही, असे म्हणू नये.