गळालेले तीन दिवस

इस्लापूर येथे आमच्या एका स्नेह्यांचे बी-बियाण्यांचे व खतांचे दुकान आहे. पेरणीच्या दिवसांतील सारी उधारी ते संगणकावर लिहितात. गेल्या मृगात तो संगणक एका रात्री बंद पडला. आदल्या दिवशी काढलेली प्रत उघडेना. उघडली ती पंधरा दिवसांपूर्वीची. व्यवहारांची क्रमवार नोंद, म्हणजे यंत्राची रोजकीर्द, वेगळ्या तबकडीवर असल्यामुळे वाचली होती. पण तिच्यातीलही मधले तीन दिवस वाचता येईनात. "ते दिवस आठवणीने भरून काढू का?" असे त्यांनी आम्हांस विचारले. प्रश्न वरकरणी यंत्राचा, परंतु आम्हांस तो नीतीचा वाटला.

यंत्राचा स्वतःचा नियम मोठा कडक आहे. खतावणीतील बदल कायम होण्यापूर्वी तो रोजकिर्दीत लिहिला गेलाच पाहिजे. अपघात झाला म्हणजे ती रोजकीर्द खतावणीवर क्रमाने पुन्हा चढवावयाची आणि अर्धवट राहिलेले व्यवहार उलटवावयाचे. ही रीत सी. मोहन व त्यांचे सहकारी यांनी १९९२ साली शास्त्रशुद्ध मांडली. साखळी तुटली की यंत्र तेथेच थांबते. पुढील पाने धडधाकट असली तरी ती हातानेच उतरून घ्यावी लागतात. हा संयम आम्हांस प्रथम फार आवडला. जे ठाऊक नाही ते लिहू नये, इतके साधे! परंतु त्या तीन दिवसांत कोणी उधारीने खत नेले असेल, तसेच कोणी मागील बाकी फेडूनही गेला असेल. पान कोरे ठेवले तर पहिल्याचे कर्ज सुटते आणि दुसऱ्याचे, फेडलेले असूनही, पुन्हा उभे राहते. बरे, आठवणीवर विसंबावे, तर दुकानदारास येणे जितके आठवते तितके जमा आठवत नाही.

इस्लापूरजवळ ज्या पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे, तिच्याच खोऱ्यात माहूर हे महानुभावांचे पूज्य स्थान आहे. त्या पंथावरही असा प्रसंग आला होता. चक्रधरांस ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना गाठून म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे परंपरा सांगते; शिष्यांनी ती मुखोद्गत पाठांवरून पुन्हा उभी केली. ते पाठ सारखे नव्हते. तथापि सर्व घोटून एक गुळगुळीत ग्रंथ करण्याचा मोह त्यांनी आवरला. हिराइसा असे सांगते, रामेश्वरबास असे, परशरामबास असे, अशी सांगणाऱ्याच्या नावानिशी भिन्नता जपली गेली. वाचताना त्यामुळे पदोपदी अडखळावे लागते खरे. आमचाही धीर कैक वेळा सुटला आहे. पण ज्यांच्या लेखी चक्रधरांचा शब्द न् शब्द ईश्वराचा होता, त्यांनी 'आमच्या आठवणी जुळत नाहीत' हे पोथीतच मान्य करावे, यास केवढे धैर्य लागले असेल!

आम्ही स्नेह्यांस इतकेच सुचविले की, त्या तीन दिवसांची वही निराळी ठेवावी, गिऱ्हाइकांस बोलवावे, आणि प्रत्येक रकमेपुढे ती कोणी सांगितली हे लिहावे. त्यांनी तसे केले. बहुतेक आकडे जुळले. दोन ठिकाणी दुकानदार एक सांगतो, शेतकरी दुसरे. त्या रकमा दोघांच्या नावांनिशी अजून समोरासमोर तशाच लिहिलेल्या आहेत.