घोड्याचं पित्ताशय कुठून काढलंस?

उद्या जर्नल द्यायचंय म्हणून रात्री नऊला दार वाजवतोस आणि ‘एकदा नजर टाका, सर’ म्हणतोस. टाकली. घोड्याच्या यकृताखाली हिरव्या पेन्सिलीनं पित्ताशय रंगवलंयस. घोड्याला पित्ताशय नसतं! गाय, बकरी, डुक्कर, कुत्रा यांच्याही आकृत्या एकाच साच्यातल्या. माणसाच्या पुस्तकातलं एक चित्र उचललंस आणि पाच जनावरांची नावं देऊन मोकळा झालास.

आता म्हणतोस, घोडा गवत खातो म्हणून नसेल. मग गाय काय खाते? गाईला पित्ताशय आहे, बकरीला आहे, बहुतेक हरणांना नाही. उंदराला आहे, घुशीएवढ्या वाढणाऱ्या प्रयोगशाळेतल्या रॅटला नाही. कोंबडीला आहे, कबुतराला नाही. कारण सुचलं की ते खरंच असतं असं नाही, आधी चार जनावरांवर तपासून बघायचं. घोड्यात पित्त साठत नाही, ते आतड्यात सतत उतरत राहतं, एवढं पक्कं लक्षात ठेव. आणि हेही ठेव: दोन-तीन दिवस दाणा-वैरण सोडलेल्या घोड्याच्या हिरड्या यकृत धड असतानाही पिवळ्या पडतात. उद्या शर्यतीच्या तबेल्यात असा घोडा समोर आला, तर तू पित्ताशयातला खडा शोधत बसशील. घोड्याला खडे होतात, पण ते पित्तनलिकांत.

बकरीचं पान बघ. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी तू वेगवेगळ्या उघडल्यास. बकरीत आणि मेंढीत त्या आधीच एक होतात. वेगळ्या उघडतात त्या गाईत. तिथं स्वादुपिंडाची नळी पित्तनलिकेच्या फूटभर पुढं आतड्यात जाते. डुकरात पित्तनलिका पायलोरसपासून, म्हणजे जठर आतड्यात उघडतं त्या तोंडापासून, 2 ते 5 सेंटिमीटरवर उघडते, गाईत अर्धा मीटर ओलांडल्यावर. तू सगळीकडे एकच अंतर दाखवलंस. मांजरात दोन्ही नळ्यांचं तोंड एकच, म्हणून पित्तमार्ग सुजला की स्वादुपिंडही सोबत दुखू लागतं. कुत्र्यात स्वादुपिंडाची मोठी नळी दुसऱ्याच तोंडानं उघडते. कुठं काय तुंबलं की कशाकशाला झळ पोचेल, हे या जोडावर ठरतं.

लिव्हर फ्लूक झालेल्या गाईचं यकृत कापून पाहिलंस का? पित्तनलिकांच्या भिंतींवर कॅल्शियम बसलेलं असतं. सुरी घातली की करकरते, हाताला खडे लागतात. आतून चपटे, पानाच्या आकाराचे कृमी निघतात. तेच कृमी मेंढीत झाले तर नलिका जाड होतात, पण असा चुना बसत नाही. रोग एक, नलिकांचं वागणं दोन. हे चित्रावरून कळत नाही रे!

बेळगावहून वडील महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवतात, तू इथं बंगळुरूत राजाजीनगरात खोली घेऊन राहतोस, हेब्बाळला 1958 पासून चालत आलेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, डिसेक्शन हॉल आहे, टेबलावर जनावर ठेवलेलं आहे. आणि तू मोबाइलवरून आकृती उतरवतोस. याचा मला राग येतो, आणि त्याहून जास्त वाईट वाटतं, कारण हात तुझा चांगला आहे. जनावर ‘इथं दुखतंय’ म्हणून सांगत नाही. त्याचा मालक तुझ्या तोंडाकडे बघत उभा राहतो.

जर्नल उद्या जाणार नाही. उशीर झाला म्हणून मार्क जातील, जाऊ देत. सकाळी मटणवाल्याकडे जा, बोकडाची कलेजी माग, पित्ताशय आणि पुढचं हातभर आतडं न कापता. आतडं उभं चिरून धुऊन घे. मग पित्ताशय बोटांनी हळू दाब आणि हिरवं पित्त कुठल्या उंचवट्यातून बाहेर येतं ते बघ. तिथून बोथट सळई उलटी घालून स्वादुपिंडाची नळी कुठं मिळते ते शोध. ते सापडल्यावर बकरीची आकृती काढ, आणि घोड्याची हॉलमध्ये टेबलापाशी उभा राहून.