पाचवे कारण

कोणतेही काम घडायला गीतेच्या अठराव्या अध्यायात पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा (म्हणजे प्रयत्न) आणि शेवटी दैव. मोबाइलवर विमान क्षेत्रातली नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींच्या घरात मात्र पाचवेच कारण सर्वांत आधी तोंडावर येते. अर्ज भरला, उत्तर आले नाही, 'नशिबात नव्हतं'.

आधीच्या चारांना एवढ्या सहज डावलणे बरे नव्हे. शंकराचार्य अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ लावतात. वैमानिकाला तो शब्दशः लागू पडतो. विमान वाहतूक नियामक डीजीसीएची 'क्लास वन' वैद्यकीय तपासणी आणि २०० तासांचे उड्डाण यांशिवाय व्यावसायिक परवाना मिळत नाही. करण म्हणजे साधन, आणि योग्य दार ओळखणे हेही साधनच. विमानतळ एकच दिसला, तरी तिथे नोकरी देणारे अनेक असतात. हवाई वाहतूक नियंत्रकांची जाहिरात विमानतळ प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर येते, विमानतळाची सुरक्षा सांभाळणाऱ्या सीआयएसएफच्या शिपायांची भरती कर्मचारी निवड आयोग करतो, केबिन क्रूसाठी विमान कंपन्यांची स्वतःची करिअर पाने असतात. सामान चढवणारे-उतरवणारे हात पुष्कळदा ग्राउंड हँडलिंग कंपनीचे असतात. भलत्याच दारावर शंभरदा थाप मारली, तर तिला प्रयत्न तरी कसे म्हणावे?

मग दैव कुठे उरते?

२५ मार्च २०२० ला कोविडच्या टाळेबंदीत देशांतर्गत प्रवासी उड्डाणे थांबली, ती थेट २५ मे रोजी सुरू झाली. त्याच दिवसांत ज्यांच्या हाती नवा परवाना आला, त्यांनी खुशाल दैवाला बोल लावावा. पण १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान उतरले आणि हजारोंची नोकरी गेली, ती कर्जाच्या ओझ्याने. योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला सांगतात, की दैव म्हणजे पूर्वी केलेला प्रयत्नच. इथे मात्र विचारायला हवे: पूर्वी कोणी केलेला? कर्जाचे निर्णय एकाचे आणि भोग दुसऱ्याचा, असे असेल तर त्याला दैव म्हणणे अन्यायावर पांघरूण घालणे आहे.

नियुक्तीपत्राआधी 'सिक्युरिटी डिपॉझिट' मागणाऱ्या फोनबाबत तर हे फारच खरे. खऱ्या विमान कंपन्या नोकरीसाठी पैसे मागत नाहीत, तशी सूचनाही त्या देतात. तरीही पैसे भरून फसलेली मुलगी ती गोष्ट आईवडिलांपासूनही लपवते, आपलेच नशीब खोटे म्हणून गप्प बसते. त्या गप्प बसण्यात मोलाचे तास जातात. १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवले, तर ते पैसे पुढच्या खात्यात पळण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते.