आधी दरवाजा बघ

चि. भाच्यास,


तुझा फोन आल्यापासून डिंभे धरणावरच्या त्या होडीचाच विचार चालू आहे. दांडा न्यूट्रलला असताना होडी आपोआप पुढे सरकते, पुढे टाकताना दांडा जड जातो, आणि परवा भर वेगात ती अचानक मागे ओढल्यासारखी झाली, असं तू सांगितलंस. पहिल्या दोन गोष्टी दुरुस्तीच्या आहेत. तिसरी जिवाची आहे. तिचं कारण सापडेपर्यंत त्या होडीत एकही माणूस बसवू नकोस. पलीकडच्या वाडीची माणसं खोळंबली तरी चालतील, रस्त्यानं लांबून गेली तरी चालतील.

मोटरला पंख्याच्या जागी जेटचा पाय बसवलात ते योग्यच केलंत. उन्हाळी आवर्तनं सुटली की धरणाचं पाणी भराभर उतरतं. बुडालेल्या जुन्या आंबेगावची जोती आणि भिंती काही उघड्या पडतात, काही हातभर पाण्याखाली दबा धरून राहतात. तिथं पंखा टिकत नाही. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात जेट होडी घडवली ती अशाच उथळ, गोट्यांच्या नद्यांसाठी. १९७७ साली एडमंड हिलरी गंगेच्या मुखापासून हिमालयाकडे प्रवाहाविरुद्ध चढत गेले, तेही जेट होड्यांतूनच. जेटची किंमत म्हणून इंजिनाची साधारण ३० टक्के ताकद जाते, हे होडी भरताना लक्षात ठेव.

आता नीट ऐक. जेटच्या पायात गिअर नसतोच. इंजिन चालू आहे तोवर आतला इम्पेलर फिरत असतो आणि पाण्याचा झोत सुटत असतो. दांड्यानं हलतो तो फक्त झोताच्या तोंडावरचा दरवाजा. तो पूर्ण उघडा असला की होडी पुढे जाते. पूर्ण झाकला की झोत उलटा वळतो आणि होडी मागे येते. मध्ये राहिला की दोन्हीकडचा जोर जवळजवळ सारखा होतो, आणि त्यालाच आपण न्यूट्रल म्हणतो. म्हणून दांडा काय सांगतो यावर भरवसा ठेवू नकोस. दरवाजा खरोखर कुठे उभा आहे ते मागे जाऊन डोळ्यांनी बघ.

होडी काठावर घे, इंजिन बंद कर, चावी काढून स्वतःच्या खिशात ठेव. दांडा पुढे टाक आणि दरवाजा हातानं धरून झाकायच्या बाजूला जोरात ओढ. तो जराही हलता कामा नये. पुढच्या टोकाला कॅमनं त्याला कुलूप लागलं पाहिजे. कुलूप अर्धवट लागलं असेल तर वेगात पाण्याचा मारा दरवाजा झोतात ओढून घेतो आणि होडी एकदम थांबते किंवा मागे खेचली जाते. पुढे बसलेलं माणूस थेट पाण्यात जाईल. तुझ्या होडीला हेच झालं असावं, असं मला वाटतं. जुन्या गिअरसाठी लावलेली केबल पाय बदलल्यावर पुन्हा जुळवली होती का, ते विचार. केबलच्या टोकाचा ॲडजस्टर फिरवून कुलूप पक्कं लागेपर्यंत जुळव, आणि टोक पुरेशा आट्यांवर बसलंय ना, ते बघ.

न्यूट्रल त्यानंतर. होडी पुढे सरकते म्हणजे दरवाजा मध्यापेक्षा जास्त उघडा राहतोय, किंवा इंजिनाचा आयडल चढा आहे. पुढचं कुलूप आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी काटेकोर जमत नसतील तर कुलुपाला पहिला मान दे. न्यूट्रलमध्ये थोडं सरकणं सांभाळता येतं.

जड दांड्यावर जोर लावू नकोस. दरवाजाकडची पिन काढून केबल सुटी कर. दरवाजा हातानं हलका फिरतो का? नसेल तर बिजागरीत वाळू अडकलीय किंवा दगडाला लागून दांडी वाकलीय. दरवाजा हलका आणि दांडा अजून जड, तर केबल कंट्रोल बॉक्सकडूनही सोड. नुसती केबल जड असेल तर ती नवीनच घाल. गंजलेल्या केबलमध्ये तेल ओतून चार दिवस काढायचे, ही सवय मला अजिबात पटत नाही. सगळं जोडल्यावर मोटर पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि वर उचलून, अशा तिन्ही ठिकाणी दांडा टाकून बघ. एखाद्या बाजूला दरवाजाची जागा बदलली तर केबल आखूड आहे किंवा कुठेतरी घट्ट बांधलीय. जुन्या कॉटर पिना पुन्हा वापरू नकोस.

इंजिन ओरडतंय, दरवाजा जागेवर आहे आणि होडी हलत नाही, असं झालं तर दोष दांड्याचा नाही. खालच्या जाळीत काटक्या, प्लास्टिक किंवा जाळ्याचा तुकडा अडकला असेल. इंजिन बंद करूनच काढ. इम्पेलर आणि बाहेरच्या कड्यातली फट ०.८ मिलिमीटरच्या आसपास हवी. वाळूनं ती वाढली की पकड जाते. बेअरिंगला दर दहा तासांनी ग्रीस दे. आणि मच्छीमारांच्या जाळ्यांपासून लांब राहा. त्यात त्यांचं पोट आहे, आणि जेट दोरी क्षणात आत ओढतं.

काठाला लागताना थ्रॉटल एकदम सोडू नकोस. झोत मंदावला की होडी वळत नाही.

केबल बदलावीच लागली तर जुनीची लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजून कळव. दरवाजाचे तीन फोटोही पाठव: पुढे, न्यूट्रल आणि मागे.

तुझा,
मामा